टँकरशिवाय हिरवं राहील तेच लावूया : कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व उपनगरांतल्या गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट यांच्या कमिट्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन विषय हमखास येतात. एक टेरेसचं वॉटरप्रूफिंग, दुसरा झाडं. मिरगाच्या आधी रोपांची ऑर्डर द्यायची असते, कोटेशन आलेलं असतं आणि मीटिंगमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत त्यावर सही होते. ती सही व्हायच्या आत हे पत्र आपल्या हाती पडावं, अशी इच्छा आहे.

मी ३१ वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, कळंब्याच्या बाजूला एका अपार्टमेंटमध्ये राहते. चार वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक सभेत ठराव झाला, ‘आवारात बारमाही हिरवळ करणे’. ठराव चांगलाच होता. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. कोटेशनमध्ये कंपाउंडच्या कडेनं कोनोकार्पसची ४० रोपं, गेटजवळ सहा फॉक्सटेल पाम, मधल्या वाफ्यांना पिवळा ड्युरांटा आणि उरलेल्या जागेत लॉनचे गालिचे होते. मला झाडांतलं थोडंफार कळत होतं, तरी मी त्या दिवशी बोलले नाही. ते न बोलणं मला अजून टोचतं.

कोनोकार्पस वाढला, जोरात वाढला. तीन वर्षांत दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत गेला. हिरवा आहे, यात शंका नाही. पण दर दोन महिन्यांनी छाटणीचा खर्च येतो. गेल्या वर्षी ड्रेनेजचा चेंबर उघडला तेव्हा आत मुळ्यांची जटा निघाली. आणि मी रोज सकाळी गॅलरीत चहा घेत बसते, तरी या तीन वर्षांत त्या ४० झाडांवर मला एकही घरटं दिसलेलं नाही. हे झाड मूळचं सोमालिया-येमेनच्या किनाऱ्याकडचं. गुजरातच्या वन विभागानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्याआधी तेलंगणानंही ते लावणं थांबवलं. आपल्याकडे मात्र ते अजून कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत असतं, कारण ते लवकर वाढतं आणि पहिल्याच वर्षी कमिटीला काम झाल्याचं समाधान देतं.

लॉनची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे. मार्चपासून बोअर आटते, एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो आणि पिण्यासाठी मागवलेल्या टँकरमधलं पाणी संध्याकाळी पाइपनं गवतावर जातं. टँकर दोन दिवस चुकला की गवत पिवळं पडतं. अशा हिरवळीला बारमाही कसं म्हणायचं? ती पाण्याच्या बिलावर उभी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बारमाही हिरवं काय असतं हे नर्सरीच्या कॅटलॉगमध्ये बघू नका. चैत्र-वैशाखात आपल्या डोंगरांवर जाऊन बघा. जोतिबाच्या यात्रेला आपण जातोच. त्याच दिवसांत पन्हाळ्याच्या पश्चिमेच्या उतारावर, मसाईच्या पठाराखालच्या घळींत, नाहीतर एखाद्या गावच्या देवराईत तासभर फिरा. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, सागाची पानं गळालेली असतात, माती तापलेली असते. आणि त्यात काही झाडं गडद हिरवी उभी असतात. त्यांना कोणी पाणी घालत नाही. ऑक्टोबरनंतर मोठा पाऊस झालेला नसतो. तरी पान चकचकीत असतं. हजारो वर्षं आपल्या चार महिन्यांच्या पावसावर आणि आठ महिन्यांच्या कोरड्यावर निभावलेली ही झाडं आहेत. आपली यादी तिथं तयार आहे.

त्यांचं गुपित पानात आहे. अंजनीचं किंवा करवंदाचं पान बोटांत धरून बघा, जाड आणि चिवट लागतं, वर मेणासारखा थर असतो. त्यामुळे पाणी सावकाश उडतं. असं पान करायला झाडाला मेहनत पडते, म्हणून ते पान एका हंगामात टाकून देत नाही, वर्षभर किंवा त्याहून जास्त वापरतं. इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याच्यामुळे सभांमध्ये बरेच वाद होतात. सदाहरित झाड पानं गाळत नाही, असं नाही. तेही गाळतं, पण थोडी थोडी, आणि जुनी जाता जाता नवी येतात, म्हणून फांदी उघडी पडत नाही. तेव्हा ‘कचरा न करणारं झाड द्या’ अशी मागणी कृपा करून करू नका. तसं जिवंत झाड मिळत नाही.

आता ‘देशी’ या शब्दाबद्दल. हा शब्द आपण फार ढोबळ वापरतो. आपल्या एकाच जिल्ह्यात पावसाचे तीन मुलूख आहेत. शहरापासून ५५ किलोमीटरवर गगनबावडा, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. शहरात हजाराच्या आसपास. पूर्वेला शिरोळकडे गेलं की त्याच्याही निम्म्यावर. गगनबावड्याच्या दाट जंगलातलं झाड देशी आहे म्हणून उचललं आणि उचगावच्या मुरमात लावलं, तर ते पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकेल. मी स्वतः नागकेशराची दोन रोपं अशीच घालवली. नागकेशर, सुरंगी, कोकम ही झाडं सुंदर आहेत, पण त्यांना ओलावा आणि सुरुवातीची काही वर्षं सावली लागते. बिल्डिंगच्या पूर्वेला दुपारची सावली पडत असेल, घरातलं धुण्या-भांड्याचं पाणी वळवता येत असेल, तर जरूर लावा. नाहीतर घाटाच्या अलीकडची, उन्हात तयार झालेली झाडं घ्या.

त्यांत माझा पहिला आग्रह अंजनीचा आहे. पन्हाळा, आंबोली, महाबळेश्वर फिरलेल्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते, नाव मात्र माहीत नसतं. उंची बेताची, बांधा गोल आणि दाट, पान वर्षभर गडद. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांना लगडून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात, इतके की लांबून फांदीला निळा रंग फासल्यासारखा वाटतो. मधमाश्यांचा गुंजारव पाच पावलांवरून ऐकू येतो. छाटणी सहन करते, मुळं भिंती फोडत नाहीत. एकच गोष्ट, ती सावकाश वाढते. पहिली दोन-तीन वर्षं तर ती काही करतच नाही असं वाटेल. या धीरावरच बहुतेक कमिट्या अडतात, कारण कमिटीची मुदत पाच वर्षांची आणि अंजनीची पन्नास-शंभर.

लवकर दाट होणारं कुंपण हवं असेल तर कामिनी आहे. आपल्याकडे तिला कुंतीही म्हणतात. चांगला पाऊस किंवा भरपूर पाणी मिळालं की आठवड्याभरात पांढऱ्या फुलांनी भरते, वास जिन्यात चढतो. दोन-अडीच फुटांवर लावली तर तीन वर्षांत कंबरेएवढी भिंत होते. ड्युरांटाच्या जागी ती सरळ बसते. ड्युरांटा अमेरिकेकडचा आहे आणि त्याची पिवळी फळं विषारी असतात, लहान मुलं ती खेळायला तोडतात, हे किती पालकांना माहीत आहे?

मागच्या बाजूच्या कंपाउंडला, जिथं मुलं खेळत नाहीत, तिथं करवंद लावा. तारेच्या कुंपणाइतकी सुरक्षा देते, काटे तसेच आहेत. फुलं पांढरी, सुवासिक. मे महिन्यात डोंगरची काळी मैना बाजारात पानाच्या द्रोणात येते, ती आपल्याच भिंतीला लागेल. जिथं मोकाट जनावरं आत शिरतात तिथं अडुळसा बरा, त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही, आणि खोकल्याच्या दिवसांत शेजारपाजारचे लोक दोन पानं मागायला येतात. देवाच्या फुलांसाठी रोज कोणीतरी कोणाच्या तरी कुंडीत हात घालतं, त्यावरून भांडणंही होतात. गेटच्या आत तगरीची चार झाडं लावली तर तो प्रश्न सुटतो. तगर बाराही महिने हिरवी, आणि फुलांचा खंड असा फारसा पडत नाही.

मोठ्या झाडांत बकुळ. तिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

सासरच्या वाड्यात, शिवाजी पेठेत, एक बकुळ होती. वाडा पाडून अपार्टमेंट झाली तेव्हा बिल्डरशी भांडून आम्ही ती राखली. पहाटे तिच्याखाली फुलांचा सडा असायचा, सासूबाई ती ओच्यात वेचायच्या. सुई लागत नाही, फुलाला मधोमध भोक असतंच, केळीच्या सोपाचा दोरा ओवला की झालं. गजरा वाळला तरी कपाटात वर्षभर वास राहायचा. पुढे पार्किंग करताना त्या आवारात बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले. त्यासाठी ठराव झाला होता, कोणाचा वाईट हेतू नव्हता. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. मला फोन आला तेव्हा निम्मं झाड गेलं होतं. मी तिथल्या लोकांना सांगितलं, राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, आपण निदान चार फुटांचं आळं मोकळं करूया. दोन तरुण मुलांनी एका रविवारी पहारीनं ब्लॉक उचलले, माती मोकळी केली, लेंडीखत घातलं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या फांद्यांना फुटवा आला. शेंडा परत आला नाही. पण गेल्या मार्चमध्ये तिथल्या एका मुलीनं मला कागदात बांधून मूठभर फुलं पाठवली.

म्हणून सांगते, जी जुनी झाडं आवारात आहेत ती आधी वाचवा. २५ वर्षांची बकुळ कोणत्याही नर्सरीत विकत मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

नवीन लावायची असेल तर बकुळ बिल्डिंगपासून १५ फूट लांब लावा. रस्त्याच्या बाजूला धूळ अडवायला पुत्रंजीवा उत्तम, फांद्या खाली झुकतात, सावली दाट पडते आणि वाढीचा हट्ट नसतो. करंज वसंतात आठ-पंधरा दिवस पानं टाकतो, म्हणून काटेकोर बघितलं तर तो पूर्ण सदाहरित नाही. पण त्याची नवी पालवी इतकी लख्ख हिरवी असते की ते पंधरा दिवस मी त्याला माफ करते. आणि एक महत्त्वाचं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी उभं होतं, त्या दुधाळी-नागाळा पार्कच्या बाजूच्या सोसायट्यांनी करंज आणि जांभूळ यांचा पहिल्यांदा विचार करावा. दोन्ही मूळची नदीकाठची झाडं आहेत, मुळाशी काही दिवस पाणी थांबलं तर सोसतात. याउलट सोनचाफ्याला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, काळ्या जड मातीत तो हमखास जातो. त्याला उंचवटा करून मुरूम-माती मिसळून द्या. जांभूळ मात्र गाड्यांच्या वर लावू नका, मे-जूनमध्ये बॉनेटचे डाग धुताना सगळे कमिटीला बोल लावतील.

सीता अशोक आणि आपण ज्याला सर्रास ‘अशोक’ म्हणतो ते उंच, सरळ खांबासारखं झाड, ही दोन वेगळी झाडं आहेत. उंच अशोक वाईट नाही, तोही दक्षिण भारतातला आणि सदाहरित आहे, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालतं. पण सीता अशोक एकदा फुललेला पाहिला की माणूस थांबतो. केशरी-लाल गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर आणि बुंध्यावर येतात, आणि कोवळी पानं तांबूस, मऊ कापडासारखी खाली लोंबतात. औषधासाठी सालीची तोड होत गेल्यानं जंगलातला सीता अशोक कमी झाला आहे, धोक्यात आलेल्या झाडांच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे. त्याला अर्धी सावली आणि पहिली चार-पाच वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं. दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात, जिथं दुसरं काही येत नाही, तिथं तो खुशाल राहतो.

पामशिवाय गेट शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना भेर्ली माड सुचवते. फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियातला, भेर्ली माड आपल्या सह्याद्रीतला. पानं माशाच्या शेपटासारखी, घोस वेण्यांसारखे लांब लोंबणारे. त्याची फळं हाताला खाजतात, म्हणून मुलांच्या घसरगुंडीपासून दूर लावा. वेलींमध्ये माधवीलता मागा, आणि मागताना नीट सांगा, कारण नर्सरीत मधुमालती म्हणून जी लाल-पांढऱ्या झुबक्यांची वेल देतात ती वेगळी. माधवीलतेचं फूल पांढरं, कडा झालरीच्या आणि एका पाकळीवर पिवळा डाग असतो. तिला भक्कम मांडव लागतो, लोखंडी जाळी वाकवते.

देशी आहे म्हणजे कुठंही चालतं, असं नाही. सातवीण म्हणजे सप्तपर्णी आपल्याच जंगलातली, सदाहरित, देखणी. पण दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी तिच्या फुलांचा वास इतका उग्र होतो की अनेकांचं डोकं दुखतं. बेडरूमच्या खिडक्यांखाली ती लावू नका. वड-पिंपळ सोसायटीच्या आवारात नको, त्यांना मैदान द्या, कारण त्यांच्या फळांवर जगणारा हरियाल, आपला राज्यपक्षी, तिथं जास्त सुखानं येईल. आणि कण्हेर कितीही फुलली तरी खेळण्याच्या जागेजवळ नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

लावायच्या पद्धतीबद्दल थोडंच लिहिते, कारण माळी लोकांना माहीत आहे, फक्त त्यांना वेळ द्या. खड्डे मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्यावेत, मोठ्या झाडाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. लागवड मृगाचा पहिला चांगला पाऊस जिरल्यावर करावी, उद्घाटनाच्या तारखेप्रमाणे नको. रोप विकत घेताना उंची बघू नका, पिशवीचा तळ बघा. मुळ्या आत गोल गोल फिरलेल्या असतील तर ते रोप पुढे कधीच नीट बसत नाही. तीन फुटांचं तरणं रोप आठ फुटांच्या कोंडलेल्या रोपाला चार वर्षांत मागे टाकतं.

आणि आच्छादन. या बाबतीत कोल्हापूरसारखं नशीब कुणाचं नाही. आपल्या चारी बाजूंना ऊस आहे. पाचट जाळायचं नाही, शेतातच कुजवायचं, हे आता अनेक शेतकऱ्यांनी स्वीकारलं आहे. हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितलं तर एक ट्रॉली पाचट सहज मिळतं. झाडाच्या आळ्यात चार बोटं जाडीचा थर द्या, बुंध्याला चिकटवू नका. माती गार राहते, पाणी आठवड्यातून एकदा दिलं तरी भागतं, गांडुळं येतात. आवारात पडणारी पानंही त्याच आळ्यात जाऊ द्या. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पानं गोळा करून काडी लावायची आणि मग आपण खत विकत आणायचं, हे थांबलंच पाहिजे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, कोणतंही झाड जन्मल्याबरोबर स्वावलंबी होत नाही. नंतर टँकर त्यांच्यासाठी नको.

रोपं कुठं मिळतील, हा प्रश्न येईल. वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये यांतली बरीच असतात, आधी सांगून ठेवावं लागतं. कोणतं झाड मोठं झाल्यावर कसं दिसतं हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचं उद्यान आपल्याच गावात आहे, सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती तिथं जपलेल्या आहेत. एका शनिवारी परवानगी घेऊन कमिटीतल्या चौघांनी तिथं जावं, सोबत माळ्यालाही न्यावं. राधानगरीचं अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून जगभरचे लोक ते बघायला येतात. त्या जंगलाच्या इतक्या जवळ राहून आपल्या मुलांना अंजनी ओळखता येत नाही, याचं मला शिक्षिका म्हणून फार वाईट वाटतं.

माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. आहे ते सगळं उपटून टाका, असं मी म्हणत नाही. या वर्षीच्या कोटेशनवर सही करण्याआधी माळ्याला एक प्रश्न विचारा : हे झाड तिसऱ्या वर्षानंतर एप्रिलमध्ये पाणी न देता हिरवं राहील का? ज्या ओळीसमोर तो गप्प बसेल, ती ओळ खोडा आणि तिथं वरच्यापैकी एक नाव लिहा. लॉन निम्मं करा, उरलेल्या जागेत हरळी पसरू द्या. गणपतीला दूर्वाही घरच्याच होतील.

आमच्या सोसायटीत यंदा ठराव बदलला आहे. तीन बैठका लागल्या. कंपाउंडच्या दक्षिणेकडचे १२ कोनोकार्पस परवानगी घेऊन काढायचे आणि तिथं सात अंजनी, मध्ये कामिनी. अंजनीची रोपं माझ्या गॅलरीत पिशव्यांत वाढत आहेत. दोन वर्षांची झाली, अजून गुडघ्याला लागत नाहीत, पण परवा एका फांदीला तांबूस नवी पानं आली आहेत. खड्डे काढून झाले. मिरगाची वाट बघते आहे.

आपली,
कळंबा भागातील एक सोसायटी सभासद
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)